घराची पारख

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघाला, की जाणता खरेदीदार प्रथम ढिगात कोपरापर्यंत हात घालतो. वरची हळद बाजूला सारून तळाकडची मूठभर हळकुंडे काढतो, त्यांतले एक दोन्ही हातांनी मोडतो आणि आतला रंग पाहतो. पॉलिश केलेल्या हळदीची वरची चकाकी त्याला फसवू शकत नाही. नीट शिजलेले आणि नीट वाळलेले हळकुंड मोडताना कडक आवाज करते. ओल राहिलेले हळकुंड नुसतेच दबते. हे चालू असताना माल घेऊन आलेला शेतकरी शेजारी स्वस्थ उभा असतो. आपल्यावर कोणी अविश्वास दाखवला असे त्याच्या मनातही येत नाही. उलट, आपली हळद मोडून पाहिली जावी अशीच त्याची इच्छा असते. कारण चांगल्या मालाला चांगला भाव मिळण्याचा तोच एक मार्ग आहे.

या यार्डातील एका जैन पेढीचे वृद्ध मालक, ज्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणत, त्यांनी चाळीस वर्षे हेच केले. त्यांच्या वडिलांच्या काळी पेढीची हळद हरिपूरच्या पेवांत ठेवली जात असे. कृष्णाकाठच्या मातीत खोल खणलेल्या त्या पेवांत माल वर्षानुवर्षे टिके. पेव उघडले, की कोणी लगेच आत उतरत नसे. आतली कोंदलेली हवा आधी निघून जाऊ द्यायची, मग कंदील खाली सोडायचा, आणि तो तेवत राहिला तरच माणूस उतरवायचा, असा वडिलांचा दंडक होता. उतरण्याआधी पाहावे, हा धडा अण्णा लहानपणी पेवाच्या तोंडाशी बसून शिकले होते. आणि तरीही आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी करण्याची वेळ आली, तेव्हा तो धडा त्यांना आठवला नाही.

खरेदी होती पुण्यातील एका घराची. मुलगा आणि सून तेथे नोकरी करीत होते आणि पेढीची कामे हळूहळू आटोपती घेऊन अण्णा व आई यांनीही पुण्यास जावे असे ठरत होते. ओळखीतून एक फ्लॅट समजला. इमारत बारा वर्षांची, फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावरचा, किंमत ९२ लाख रुपये. रविवारी सकाळी चौघेही पाहून आले. जिनमंदिर पायी दहा मिनिटांवर होते. स्वयंपाकघर पूर्वेला होते आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण उजेडात होईल एवढ्या मोठ्या खिडक्या होत्या. भिंतींना नुकताच रंग दिला होता. विक्रेते गृहस्थ साधर्मी होते. त्यांनी चहाऐवजी गाळलेल्या पाण्याचे सरबत पुढे केले आणि देवघरात नेऊन दर्शन घडवले. वीस मिनिटांत अण्णांचे मन प्रसन्न झाले. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "बुधवारी विसार देऊन टाकू."

सून गाडीत काही बोलली नाही. रात्री जेवणानंतर तिने विषय काढला. "अण्णा, विसार देण्यापूर्वी एकदा घर तपासून घेऊ या का? हे काम करणारे इंजिनिअर असतात. दोनतीन तास सगळे पाहतात आणि लेखी अहवाल देतात."

अण्णांना ते मुळीच रुचले नाही. घर त्यांनी स्वतः पाहिले होते. बँकेचा माणूस कर्जासाठी पाहून जाणारच होता. वकील कागदपत्रे पाहत होते. शिवाय विक्रेता आपल्यातला, मंदिरात रोज भेटणारा. त्याच्या घरात परका माणूस यंत्रे घेऊन भिंती ठोकायला पाठवायचा, म्हणजे तोंडावर संशय घेण्यासारखेच नाही का? "व्यवहार शब्दावर होतो, बाळ," ते म्हणाले.

"अण्णा, यार्डात तुम्ही हळकुंड मोडता, तेव्हा शेतकऱ्यावर संशय घेता का?" सुनेने विचारले. आवाजात उद्धटपणा नव्हता. खरोखर उत्तर हवे असावे तसा प्रश्न होता.

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणाऱ्यांना ते आयुष्यभर हसत आले होते. आता आपण तर हळकुंड मोडलेसुद्धा नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच विक्रेत्यांना फोन केला आणि संकोच न लपवता परवानगी मागितली. विक्रेते क्षणभर थांबले, मग म्हणाले, "या ना, अवश्य या."

तपासणीला आल्या त्या एक तरुण सिव्हिल इंजिनिअर बाई. काही वर्षे बांधकामांवर काम करून त्या या व्यवसायात आल्या होत्या. त्यांचे शुल्क पंधरा हजार रुपये होते. घराच्या किमतीच्या पाव टक्क्यापेक्षाही कमी. आरंभीच त्यांनी आपल्या कामाची मर्यादा सांगितली. जे दिसते, हाताला लागते आणि यंत्राने मोजता येते तेवढेच त्या तपासणार. भिंत फोडून आत पाहणार नाहीत. मालकीहक्क, बोजा, परवानग्या हे वकिलांचे काम. इमारतीच्या सांगाड्याची सखोल परीक्षा, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, हे वेगळे काम. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे ते ५ वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे ३ वर्षांतून एकदा करायचे असते; ही इमारत अजून त्या वयाला पोहोचली नव्हती. "आणि बँकेचा मूल्यमापक येतो ना, काका, तो बँकेसाठी येतो," त्या म्हणाल्या. "कर्ज बुडाले तर घर विकून पैसे वसूल होतील का, हे तो पाहतो. तुमच्या न्हाणीघराचे पाणी कुठे मुरते, हा त्याचा प्रश्न नसतो."

तपासणी घराच्या आतून नव्हे, गच्चीवरून सुरू झाली. वरच्या मजल्याचे छत म्हणजे गच्चीच. तेथील ब्रिकबॅट कोब्याला पावसाच्या पाण्याच्या तोंडापाशी बारीक भेगा गेल्या होत्या आणि उतार एका कोपऱ्यात उलटा झाला होता. तेथे पाणी साचून राहिल्याचा काळसर डाग होता. मग इमारतीच्या बाहेरील भिंती, नळांचे जोड, पाण्याच्या टाक्या यांवरून नजर फिरवून त्या घरात आल्या.

लेझर मीटरने त्यांनी प्रत्येक खोली मोजली. दलालाने १०५० चौरस फूट सांगितले होते, पण ते जिन्याचा, लिफ्टचा वाटा धरून केलेले गणित होते. करारनाम्यातील चटई क्षेत्र ७१२ चौरस फूट होते आणि मोजणी ७०८ भरली. स्थावर संपदा कायदा २०१६ मध्ये आला, तेव्हापासून चटई क्षेत्राची व्याख्या ठरून गेली आहे: बाहेरील भिंती, पाइपांच्या डक्ट, बाल्कनी आणि खासगी गच्ची वगळून, परंतु आतील भिंती धरून, वापरता येणारी जमीन. चार फुटांच्या फरकात काही लबाडी नाही, असे त्यांनी तेथल्या तेथे सांगून टाकले. चांगले ते चांगले म्हणण्याची ही तत्परता अण्णांना आवडली. खोटे काढायचेच म्हणून बसलेला पारखी त्यांनी यार्डातही कधी मानला नव्हता.

त्यानंतर बाईंनी एक बारीक काठी काढून फरशीवर टकटक करीत चालायला सुरुवात केली. खाली पोकळी असलेली फरशी बोदा आवाज देते. अकरा फरश्यांवर त्यांनी खडूने खुणा केल्या. अण्णाही कान देऊन ऐकू लागले आणि थोड्याच वेळात बाईंच्या आधी तेच "ही पोकळ" असे सांगू लागले. हळदीच्या आवाजावर तयार झालेला तो कान होता.

विजेच्या प्रत्येक पॉइंटमध्ये त्यांनी तीन दिव्यांचा लहानसा परीक्षक घालून पाहिला. स्वयंपाकघरातील दोन पॉइंटना अर्थिंगच नव्हते. मुख्य पेटीत गळती प्रवाह रोखणारा आरसीसीबी स्विच बसवलेला होता. माणसाच्या शरीरातून किंवा ओल्या भिंतीतून ३० मिलिअँपिअरएवढा प्रवाह जमिनीकडे जाऊ लागला, तर तो स्विच वीज तोडून जीव वाचवतो. त्याच्यावरील चाचणीचे बटण दाबले. स्विच पडलाच नाही. घरातील माणसे बारा वर्षे त्याच्या भरवशावर होती आणि तो किती दिवसांपासून निकामी होता हे कोणालाच माहीत नव्हते. विक्रेत्यांच्या पत्नी दारातून हे पाहत होत्या. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी त्याच संध्याकाळी इलेक्ट्रिशियनला बोलावले, असे पुढे कळले.

शेवटी बाई आतल्या निजायच्या खोलीत गेल्या. येथेच रंग सर्वांत ताजा होता. त्यांनी थर्मल कॅमेरा भिंतीवर रोखला. हा कॅमेरा भिंतीच्या आत पाहत नाही; तो पृष्ठभागाचे तापमान दाखवतो. ओली भिंत बाष्पीभवनाने थोडी थंड राहते, म्हणून ती पडद्यावर वेगळ्या रंगात उमटते. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर, जमिनीपासून कमरेपर्यंत, एक मोठा निळा डाग उमटला. त्यावरच निष्कर्ष न काढता त्यांनी ओल मोजणारे मॉइश्चर मीटर टेकवून पाहिले. शेजारच्या कोरड्या भिंतीवर काटा खाली राहिला. येथे तो एकदम चढला. कपाट जरा सरकवल्यावर मागे रंग पोहोचला नव्हता. तेथे लोणा फुलला होता आणि प्लास्टर बोटाने सुटत होते.

खोलीत शांतता पसरली. विक्रेते गृहस्थ पलंगाच्या कडेला बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "दलाल म्हणाला, रंग मारून घ्या, पाहणाऱ्याला बरे वाटते. मीही फार विचार केला नाही." अण्णांनी त्यावर एक शब्दही उच्चारला नाही. साधर्मी माणसाला त्याच्याच घरात, त्याच्या पत्नीसमोर लाजवणे त्यांना शक्य नव्हते. पण परतताना ते गाडीत म्हणाले, "पोत्याच्या तोंडाशी चांगला माल ठेवतात, तसेच हे."

दोन दिवसांनी अहवाल आला. प्रत्येक दोषाचे छायाचित्र, त्याचे संभाव्य कारण आणि तीन वर्ग: तातडीने करायचे, वर्षभरात करायचे, नुसते लक्ष ठेवायचे. घर घ्यावे की न घ्यावे, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. अण्णांनी फोनवर विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, "तो निर्णय तुमचा. मी तो सांगू लागले तर माझी नजर बदलेल." दुरुस्तीसाठी ठेकेदार सुचवण्यासही त्यांनी नम्र नकार दिला. ज्याने दोष काढायचा, त्यालाच दुरुस्तीत लाभ असू नये, हा त्यांचा नियम होता. या व्यवसायासाठी भारतात स्वतंत्र परवाना देणारा कायदा नाही. तेव्हा तपासनीस निवडताना पाहायचे ते हेच: त्याचे शिक्षण व अनुभव काय, तो दलालाने पाठवलेला तर नाही ना, आणि दुरुस्तीच्या कामावर त्याचा डोळा नाही ना. अमेरिकेत घर तपासणाऱ्यांची अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स ही संस्था १९७६ मध्ये स्थापन झाली. तिकडे स्थायिक झालेल्या नातेवाइकांना विचारले, तर करारात तपासणीची अट घालणे हे तेथे माल वजन करून घेण्याइतके साधे मानले जाते असे ते सांगतात.

व्यवहार मोडला नाही. न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग नव्याने करणे, भिंतीचे प्लास्टर, विजेची कामे आणि फरश्या यांचा खर्च दोन ठिकाणांहून लेखी मागवला. तो सव्वादोन लाखांच्या घरात होता. विक्रेत्यांनी तेवढी रक्कम किमतीतून वजा केली. गच्चीचे काम सोसायटीने करायचे असल्याने तिच्या सचिवांचे पत्र घेतले. पुढे काम झाल्यावर न्हाणीघरात पाणी अडवून ४८ तास ठेवले आणि भिंत कोरडी राहिल्याची खात्री करून घेतली. नवे घर असते, तर गोष्ट निराळी होती. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील दोष लेखी कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा, असे २०१६ चा कायदा सांगतो. म्हणून नव्या घराची तपासणी ताबा घेण्यापूर्वी एकदा आणि ती पाच वर्षे संपण्यापूर्वी पुन्हा एकदा करून घेण्यात शहाणपण आहे. बारा वर्षांच्या घराला मात्र तो आधार उरलेला नव्हता.

येथे ही हकिकत संपली असती, तर ती एका सुज्ञ सुनेची आणि वाचलेल्या सव्वादोन लाखांची कथा झाली असती. पण पुण्याच्या घराचे पैसे उभे करण्यासाठी सांगलीचे घर विकायचे होते.

गावभागातील ते घर अण्णांच्या आजोबांनी बांधलेले. काळ्या मातीवर उभे, जुन्या विटांचे, सागवानी तुळयांचे. कृष्णेचे पाणी त्या घराने तीनदा अंगावर घेतले होते: २००५, २०१९ आणि २०२१. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका मानतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा या घराच्या तळमजल्यात माणूस बुडेल एवढे ते होते. प्रत्येक पुरानंतर चिखल उपसला गेला, भिंती वाळल्या, चुना आणि रंग चढला. विक्री करायची म्हणून यंदा दिवाळीपूर्वी पुन्हा एकदा आतबाहेर रंग दिला होता. पाण्याची खूण आता कोठेच दिसत नव्हती.

गिऱ्हाईकही मिळाले होते. आटपाडीकडील एक तरुण किराणा व्यापारी, पत्नी व लहान मुलांसह शहरात येऊ पाहणारा. सत्तर लाखांवर बोलणी ठरली होती. खाली दुकान, वर घर, असा त्याचा बेत होता. दुष्काळी भागातील तो मनुष्य. त्याने आयुष्यभर पाणी न येण्याची भीती पाहिली होती. पाणी घरात येण्याची नव्हे. दोनदा येऊन घर पाहून गेला, तुळयांवरून हात फिरवला, रंगाचे कौतुक केले. पुराविषयी त्याने एकदाही विचारले नाही.

अण्णांनी वकिलांना विचारले. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे विक्रेत्याला ठाऊक असलेला, खरेदीदाराला ठाऊक नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. हा कायदा १८८२ सालचा आहे. "पण पूर काय, सगळ्या सांगलीला माहीत आहे," वकील म्हणाले. "त्याने चौकशी करायला हवी होती. तुमच्यावर बालंट येणार नाही." मुलाने फोनवर दुसरी बाजू मांडली. सत्तर लाखांचा हिशेब धरूनच कर्जाचा आकडा ठरवला होता. तो कमी झाला, तर हप्ता वाढेल; आणि घरात एकाची नोकरी गेली, तर काय करायचे? त्याचे म्हणणे खोटे नव्हते. "अण्णा, आपण खोटे काही सांगत नाही आहोत," तो म्हणाला.

त्या रात्री अण्णा पुण्याच्या घराचा अहवाल पुन्हा वाचत बसले. निळ्या डागाचे छायाचित्र त्यांनी बराच वेळ पाहिले. त्या गृहस्थांनीही खोटे काही सांगितले नव्हते. त्यांनी केवळ रंग दिला होता.

पारख हा जैन व्यापाऱ्याचा परंपरेने चालत आलेला गुण आहे. दिल्लीत अलाउद्दीन खिलजीच्या सेवेत असलेल्या ठक्कुर फेरू या श्रावकाने इ. स. १३१५ मध्ये रत्नांच्या पारखीवर 'रत्नपरीक्षा' आणि घरे व मंदिरे बांधण्याच्या शास्त्रावर 'वास्तुसार' हे ग्रंथ प्राकृतात रचले. पुढे १३१८ मध्ये टांकसाळीतील अनुभवावरून नाण्यांच्या शुद्धतेवर 'द्रव्यपरीक्षा' लिहिली. रत्न, घर आणि नाणे या तिन्हींचा कस सांगणारा तो माणूस होता. परंतु पारख केवळ घेतानाच करायची नसते. मुनिमहाराज कमंडलू ठेवण्यापूर्वी जागा पिच्छीने मृदुपणे झाडून पाहतात आणि उचलतानाही पाहतात. आदाननिक्षेपण समितीत घेणे आणि ठेवणे या दोन्ही क्रिया येतात. एकीत सावध आणि दुसरीत बेफिकीर, असे तेथे चालत नाही. श्रावकाच्या अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी वजनेमापे वापरण्याबरोबर प्रतिरूपक व्यवहारही येतो; म्हणजे हलका माल चांगल्याच्या रूपात देणे. त्या रूपाला शब्द लागत नाहीत. रंगही पुरतो.

सकाळी पूजा आटोपून अण्णांनी त्या पुण्याच्या बाईंना फोन केला. "ताई, आणखी एक घर तपासायचे आहे. या खेपेस विकणारा मी आहे."

त्या सांगलीला आल्या आणि दिवसभर राहिल्या. तुळया भक्कम निघाल्या. वरचा मजला कोरडा होता. परंतु मागच्या भिंतीत, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग रंगाखालून पुन्हा डोके वर काढीत होती. पुराने भिजून आणि वाळून काळी माती फुगते व आकसते, त्याने पाया किंचित खचल्याचे ते लक्षण असू शकते, असे त्यांनी लिहिले आणि पायाची तपासणी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेण्यास सुचवले. तळमजल्याच्या भिंतींत ओल होती. दोन चौकटींना वाळवी लागली होती. हे आईंना सर्वांत लागले. दर चातुर्मासापूर्वी शेवाळ आणि बुरशी येऊ नये म्हणून ओट्यापासून मोरीपर्यंत सारे कोरडे ठेवण्याची त्यांची धडपड असे. जेथे ओल तेथे जीवोत्पत्ती, आणि मग औषध मारले की हिंसा. "दोन वर्षांपूर्वी कोणी दाखवले असते, तर चौकटी कोरड्या केल्या असत्या. जीव उत्पन्नच झाले नसते," त्या म्हणाल्या. वेळीच केलेली तपासणी हीसुद्धा जयणाच, हे त्यांनी कोणत्याही प्रवचनाशिवाय सांगितले.

नंतर अण्णांनी स्वतः एक काम केले. शेजाऱ्यांच्या भिंतीवर २०१९ च्या पुराची खूण अजून होती. तेथून दोरी धरून त्यांनी आपल्या तळमजल्याच्या नव्या रंगावर तेवढ्याच उंचीवर गेरूची रेघ ओढली आणि खाली साल लिहिले. मग आटपाडीच्या त्या तरुणाला बोलावून अहवाल हातात ठेवला आणि रेघ दाखवली.

तो तरुण रेघेखाली जाऊन उभा राहिला. ती त्याच्या डोक्याच्या वर होती. मुलीला कडेवर घेऊन तो बराच वेळ तसाच उभा होता. मग म्हणाला, "मला विचार करायला हवा, अण्णा."

बारा दिवस तो आला नाही. त्या दिवसांत घरात कोणी तो विषय काढला नाही. मुलाने बँकेत वाढीव कर्जाचा अर्ज मात्र भरला. यार्डातील एकदोन स्नेही म्हणाले, की न विचारलेल्या गोष्टी सांगत बसणे हा व्यापार नव्हे. अण्णांनी वाद घातला नाही. त्यांना रात्री झोप लागत होती असेही नाही. सहासात लाखांचा फरक म्हणजे लहान रक्कम नव्हती, आणि गिऱ्हाईक मोडले तर दुसरे कधी येईल याचा भरवसा नव्हता.

तेराव्या दिवशी तो तरुण वडिलांना घेऊन आला. त्यांनी पाया पाहण्यासाठी स्वतःचा इंजिनिअर आणला होता. दोन तास पाहणी झाली. शेवटी त्यांनी ६३ लाख सांगितले. दुकानाचा माल खाली न ठेवता वरच्या मजल्यावर कोठार करायचे, खाली केवळ विक्रीपुरता माल आणि लोखंडी मांडण्या, विजेची पेटी रेघेच्या वर न्यायची आणि पावसाळ्यात पुराचा विमा उतरवायचा, असा त्यांचा नवा बेत होता. जुना बेत तसाच राहिला असता, तर पहिल्या मोठ्या पुरात त्या तरुणाचे सारे भांडवल तळमजल्यावर भिजले असते. अण्णांनी ६३ लाखांना होकार दिला.

पुण्याला निघताना मुलगा फायली लावत होता. दोन्ही घरांचे अहवाल वेगवेगळ्या खणांत जात होते, तेव्हा अण्णा म्हणाले, "एकत्रच ठेव. घेतलेल्याचा आणि दिलेल्याचा हिशेब एकाच वहीत असतो."

मुलाने दोन्ही कागद एका फायलीत घातले. हप्ता वाढला आहे आणि तो दरमहा जातो आहे. सुनेने पुण्याच्या घरातील आरसीसीबीच्या शेजारी एक लहान चिठ्ठी लावली आहे. दर तीन महिन्यांनी बटण दाबून पाहायचे आणि तारीख लिहायची. ते काम अण्णांकडे आहे. तारखांच्या रांगेत अजून एकही खंड पडलेला नाही.